गवती चहाने टळतं काय?

चारठाण्यासारख्या जिंतूर तालुक्यातल्या गावात गवती चहासाठी दुकान गाठावं लागत नाही. परसात मोरीच्या पाण्यावर एखादा ठोंब सहज तग धरतो. सर्दी-पडशापासून रक्तदाबापर्यंत सगळ्यावर तो गुणकारी असल्याचं सांगितलं जातं. पण त्याचं मोल अंगच्या औषधी गुणांपेक्षा, त्याच्यामुळे जे पोटात जायचं टळतं त्यात अधिक आहे. दिवसाला चार कप चहा आणि दर कपात दोन चमचे साखर धरली, तर जवळपास 40 ग्रॅम साखर होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2015 च्या सल्ल्यानुसार प्रौढाने वरून घेतलेली साखर शक्यतो 25 ग्रॅमच्या आत ठेवावी. शिवाय जेवणावर लगेच घेतलेला पत्तीचा चहा अन्नातलं लोह पुरेसं अंगी लागू देत नाही. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला. त्याची कारणं अनेक असली, तरी जेवणानंतरचा चहा तासभर लांबवणं फुकटात जमतं.

यावर कुणी म्हणेल, पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव खोटा कसा? खोटा नाही. गरम काढ्याने घसा शेकतो, पोटात पाणी जातं, बरं वाटतं. मात्र साधी सर्दी आठ-दहा दिवसांत आपोआपही उतरते, त्याचं श्रेय काढ्याला देता येत नाही. या गवताच्या तेलातला सिट्रल हा वासाचा घटक प्रयोगशाळेत जंतू मारतो, पण तिथे अर्क वापरतात. दोन पातींच्या कपात तेवढा जोर नसतो. 'झाडपाल्याने अपाय कसला?' हा समजही तपासून घ्यावा. करोनाकाळात गुळवेल घेतलेल्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केली. ती वनस्पती गुळवेलच होती याची खातरजमा झालेली नाही, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला. दोन्ही बाजू ऐकल्या तरी धडा एकच: कोणती वनस्पती आणि किती, हे ठाऊक असल्याशिवाय रोजचा काढा सुरू करू नये.

परसातल्या गवती चहाचे असे प्रयोग करायची गरजच नाही. दोन-तीन पाती, आल्याचा तुकडा, पाच मिनिटं उकळी. झाकण ठेवावं, नाहीतर वास वाफेबरोबर उडून जातो. पत्ती वगळावी आणि साखर निम्म्यावर आणावी. साखरेऐवजी गूळ घातला म्हणून हिशेब बदलत नाही, कारण गूळही बहुतांशी साखरच. गरोदर बाईने रोज घ्यायचा तर आधी डॉक्टरांना विचारावं. आणि बीपीची गोळी या चहाच्या भरवशावर कुणीच बंद करू नये.