कैलासपती हवा, पण कुठे?

भीमाशंकर आमच्याच खेड तालुक्यात आणि तिथून निघालेली भीमा आमच्या राजगुरुनगरला लागून वाहते. त्यामुळे इथल्या बायकांना सोमवारचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही. सोसायटीच्या बागेत शोभेचं झाड लावायचं ठरलं, तेव्हा भजनी मंडळातल्या सगळ्याजणी एकमुखानं म्हणाल्या, "कैलासपती!"

मैत्रिणींनो, झाड आहेच तसं देखणं. मुंबईच्या राणीच्या बागेत कधी गेलात, तर जरूर बघा. याची फुलं शेंड्याला नसतात, थेट खोडातून निघालेल्या दोरखंडासारख्या फुटव्यांवर येतात. जाड गुलाबी-केशरी पाकळ्या, मधोमध पिंडी आणि तिच्यावर नागानं फणा धरावा तसा केसरांचा झुबका. सुवास तर विचारूच नका!

गंमत म्हणजे, नाव कैलासपती असलं तरी बाईचं माहेर दक्षिण अमेरिका. इंग्रज लोक याला तोफगोळ्याचं झाड म्हणतात, कारण याची फळं. गोल, तपकिरी, लाकडासारख्या कवचाची आणि चांगली नारळाएवढी. पिकायला वर्षभर किंवा जास्तच घेतात आणि मग धाडकन खाली येतात. फुटल्यावर आतला गर निळसर पडतो, आणि वास असा की पदर नाकाला लावावा.

आमच्या काकूंना मात्र झाड घसरगुंडीशेजारीच हवं होतं. पोरांना सावली, आपल्याला फुलं. मी म्हटलं, "काकू, फूल तुमच्या पिंडीवर, पण फळ कुणाच्या डोक्यावर?" सगळ्या हसल्या, काकू नाही हसल्या. "देवाच्या झाडाची कसली भीती?" म्हणाल्या. मी म्हटलं, "देवाची नाही हो, वजनाची."

दोन बैठका झाल्या, थोडी धुसफूसही झाली. शेवटी मधला मार्ग निघाला. कैलासपती मागच्या मोकळ्या तुकड्यात. त्याच्या घेराखाली बाक नाही, पायवाट नाही, गाड्या लावायच्या नाहीत. घसरगुंडीजवळ आपला कडुलिंब.

तुमच्याकडे लावणार असाल, तर भरपूर ऊन आणि पाणी न साचणारी जमीन बघा. झाड चार मजल्यांच्या वर जातं, तेव्हा भिंतीला चिकटून नको. बियांच्या रोपाला फुलं यायला बरीच वर्षं लागतात. तोवर काकूंच्या पिंडीला बेल आहेच!