देवळालीचा ताप : ब्रिटिश विनोदातला ‘आपण’ कोण?

मागच्या व्याख्यानात आपण ‘राष्ट्र म्हणजे नेमकं काय’ या प्रश्नापाशी थांबलो होतो. त्यानंतर एका श्रोत्याने आम्हाला लिहिलं, ‘सर, ब्रिटिश लोक स्वतःवर हसू शकतात याचं तुम्ही कौतुक केलंत. पण ज्यांनी आपल्यावर दीडशे वर्षं राज्य केलं, त्यांनी आता स्वतःची थोडी थट्टा केली, तर त्यात मोठेपणा कसला?’ प्रश्न बोचरा आहे आणि रास्तही आहे. आज आपण त्याचंच उत्तर शोधू.

सुरुवात एका प्रसंगाने करू. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी तो टीव्हीवर पाहिला असेल. २७ जुलै २०१२, लंडन ऑलिंपिकचं उद्घाटन. असा समारंभ म्हणजे देशाने जगाला आपली ओळख करून द्यायची वेळ. लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा ‘चॅरियट्स ऑफ फायर’ची धून वाजवतोय, आणि त्यात एकच सूर पुन्हापुन्हा वाजवायचं काम कुणाकडे? तर मिस्टर बीनकडे! तो कंटाळतो, मोबाइल काढतो, मध्येच शिंकतो. इतक्या भव्य सोहळ्यात त्यांनी मुद्दाम एक वेंधळा माणूस आणून बसवला. ‘आम्ही असे आहोत’ हे सांगण्यासाठी.

आता हे असं का? त्यासाठी आधी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. ब्रिटन हे एकजिनसी राष्ट्र नाही. इंग्लंड आणि स्कॉटलंड यांची संसद १७०७ मध्ये एक झाली, वेल्स त्याआधीच जोडलेलं होतं. १८०१ मध्ये आयर्लंड आलं आणि १९२२ मध्ये त्याचा मोठा भाग बाहेरही पडला. फुटबॉलमध्ये तर आजही चार वेगळे संघ मैदानात उतरतात. या सगळ्यांना ‘ब्रिटिश’ म्हणून बांधणाऱ्या दोन मोठ्या गोष्टी होत्या, साम्राज्य आणि युद्धं. साम्राज्य गेलं. उरली युद्धाची आठवण, आणि ती सांगण्याची एक खास रीत.

ही रीत बघायची असेल तर ‘डॅड्स आर्मी’ बघावी. बीबीसीची ही मालिका १९६८ ते १९७७ या काळात चालली, तिचे ऐंशी भाग झाले. काळ १९४० नंतरचा. फ्रान्स पडलाय, जर्मन कधीही उतरतील अशी धास्ती आहे, आणि एका छोट्या किनारी गावाच्या रक्षणाला आहेत म्हातारे, आजारी आणि कोवळी पोरं. खरोखरच अशी होमगार्ड दलं तेव्हा उभी राहिली होती. जिमी पेरी आणि डेव्हिड क्रॉफ्ट या लेखकद्वयापैकी पेरी स्वतः त्यात होते. दलाचा कॅप्टन मॅनरिंग हा गावातल्या बँकेचा मॅनेजर. एका भागात पकडलेला जर्मन अधिकारी आपल्या यादीत नावं टिपतोय, युद्ध जिंकल्यावर हिशेब चुकते करायला. तो एका पोराचं नाव विचारतो. कॅप्टनसाहेब त्या पोराला घाईने बजावतात, सांगू नकोस, आणि बजावताना त्याचं नावच बोलून जातात!

आपण हसतो. पण कशावर? सतराव्या शतकातल्या थॉमस हॉब्ज या इंग्रज तत्त्वज्ञाचं म्हणणं असं की, हसू म्हणजे आपल्या श्रेष्ठत्वाची अचानक झालेली जाणीव. ही जाणीव दुसऱ्याची उणीव दिसल्यावर होते, किंवा स्वतःची पूर्वीची उणीव आठवल्यावर. यातला ‘पूर्वीची’ हा शब्द फार मोलाचा आहे, बरं का. पोहता येणारा माणूस आपल्या पहिल्या गटांगळीवर हसतो, बुडणारा हसत नाही. ‘डॅड्स आर्मी’ बघणाऱ्यांना ठाऊक होतं की शेवटी आपण जिंकलो. म्हणजे स्वतःवरचं हे हसू निव्वळ नम्रता नाही. पाय टेकल्यानंतरचं ते हसू आहे.

मग श्रोत्याचं म्हणणंच खरं, असं वाटेल. पण थांबा. नाण्याला दुसरी बाजू आहे. जॉर्ज ऑर्वेलने १९४१ मध्ये, लंडनवर बॉम्ब पडत असताना, एक निरीक्षण नोंदवलं. पाय ताठ उचलून चालण्याची ती लष्करी कवायत इंग्लंडमध्ये का नाही? कारण रस्त्यावरचे लोक हसतील. म्हणजे हसू हा सत्तेवरचा पहारेकरीही असू शकतो. त्याआधी, १९३८ मध्ये, पी. जी. वुडहाउसने आपल्या एका कादंबरीत स्पोड नावाचा फॅसिस्ट पुढारी रंगवला. त्याच्या अनुयायांचा गणवेश काळ्या चड्ड्यांचा, कारण सदरे आधीच दुसऱ्यांनी संपवले होते! इंग्लंडमध्ये तेव्हा ऑस्वाल्ड मोस्लीचे काळे सदरेवाले हिंडत होते, त्यांचीच ही टर. हे हसू पूर्वीच्या उणिवेवरचं नव्हतं, धोका दाराशी उभा असतानाचं होतं. म्हणून त्याला किंमत.

आपल्याकडे पु. ल. देशपांड्यांमुळे वुडहाउसचं नाव मराठी घराघरांत पोचलं. पण त्याच्या आयुष्यातलं एक प्रकरण कमी लोकांना ठाऊक असतं. १९४० मध्ये तो फ्रान्समध्ये जर्मनांच्या हाती सापडला. सुटका झाल्यावर, १९४१ मध्ये, त्याने बर्लिनहून रेडिओवर पाच भाषणं केली. विषय होता स्वतःची कैद, आणि सूर नेहमीचाच, स्वतःची गंमत करण्याचा. अगदी ‘ब्रिटिश’ म्हणावा असा! पण ब्रिटन खवळलं. देशद्रोही म्हणण्यापर्यंत मजल गेली. ऑर्वेलने पुढे त्याची बाजू घेतली, पण वुडहाउस युद्धानंतर अमेरिकेत गेला तो १९७५ मध्ये मरेपर्यंत इंग्लंडला परतलाच नाही. एरवी त्याच सुराचं कौतुक झालं असतं. पण या वेळी तो शत्रूच्या माइकसमोर बसून विनोद करत होता, आणि ऐकणारे बॉम्बखाली होते. विनोद काय आहे, याबरोबरच तो कोण करतो, कुठून करतो आणि कुणासोबत हसतो, हेही महत्त्वाचं असतं.

हीच कसोटी घेऊन आता आपण आपल्या नाशिकजवळ येऊ. हो, देवळालीला! ब्रिटिश सैनिकांची तिथे छावणी होती. मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत शिपाई तिथे पडून राहायचे, कंटाळ्याने आणि तापाने पार भ्रमिष्ट व्हायचे. त्यातून इंग्रजीला एक शब्द मिळाला, ‘डूलॅली’, म्हणजे डोकं फिरलेला. मूळ शब्दप्रयोग होता ‘डूलॅली टॅप’. यातला ‘टॅप’ म्हणजे आपला ताप! आमच्या वर्गात हे सांगितलं की पोरं हमखास हसायची.

या देवळालीवर बीबीसीने १९७४ मध्ये एक मालिका सुरू केली, ‘इट एन्ट हाफ हॉट, मम’. लेखक कोण? तेच, पेरी आणि क्रॉफ्ट. पेरी सैन्यात असताना देवळालीला होते, तिथल्या करमणूक पथकात काम करत होते. म्हणजे लेखक तेच, युद्ध तेच, अनुभवही पहिल्या हातचा. पण इथे मुख्य हिंदी पात्र, रंगी राम, रंगवलं मायकेल बेट्स या गोऱ्या नटाने, चेहऱ्याला तपकिरी रंग लावून. बेट्सचा जन्म झाशीचा, हिंदुस्तानी त्याला उत्तम यायची. नट वाईट नव्हता, हेतूही दुष्ट नसावा. पण ‘डॅड्स आर्मी’त हसणारे आणि हसू होणारे एकाच घरातले होते. देवळालीत घर दुसऱ्याचं होतं, आणि घरमालकाच्या हाती माइक नव्हता. ‘डॅड्स आर्मी’ आजही ब्रिटिश टीव्हीवर दिसते. ही दुसरी मालिका मात्र बीबीसी सहसा पुन्हा दाखवत नाही.

माइक हाती आल्यावर काय होतं, तेही बघू. १९९८ मध्ये ‘गुडनेस ग्रेशस मी’ हा विनोदी कार्यक्रम रेडिओवरून टीव्हीवर आला. मीरा स्याल, संजीव भास्कर, नीना वाडिया, कुलविंदर घीर, सगळे भारतीय वंशाचे. त्यातल्या एका गाजलेल्या प्रहसनात दारू ढोसलेली देशी टोळी ‘इंग्लिश’ जेवायला जाते, गोऱ्या वेटरच्या नावाचं वाट्टोळं करते आणि सगळ्यात बेचव पदार्थ कुठला ते विचारते. शुक्रवारी रात्री करी खायला जाणाऱ्या इंग्रजांची ही हुबेहूब उलटी नक्कल. इंग्रज प्रेक्षक यावर खदाखदा हसले. लक्षात घ्या, त्याच कार्यक्रमात हे कलाकार स्वतःच्या आईबापांच्या पिढीवरही तितकंच हसत होते. ते परके राहून थट्टा करत नव्हते. घरातल्या माणसाच्या हक्काने ते घराची थट्टा करत होते. पासपोर्टने माणूस नागरिक होतो. पण घरच्यांची टिंगल करण्याचा हक्क मिळाला, म्हणजे तो घरचा झाला.

तर आता त्या श्रोत्याच्या प्रश्नाकडे. स्वतःवर हसण्यात आपोआप मोठेपणा नसतो, हे तुमचं म्हणणं आम्हाला मान्य आहे. सुरक्षित माणसाला ते स्वस्तात जमतं, आणि ‘आम्ही स्वतःवरही हसतो’ म्हणत जुना हिशेब टाळताही येतो. पण म्हणून ते हसू खोटंही ठरत नाही. आपण दोन प्रश्न विचारायचे. ज्या दोषावर हसणं चाललंय तो जुना झालेला आहे, की आजचा? आणि ज्याच्यावर हसायचं, त्याला उलट हसायची मुभा आहे का? मिस्टर बीन पहिल्या प्रश्नात जेमतेम पास होतो, स्पोड उत्तम गुणांनी. देवळाली दुसऱ्यात नापास, ‘गुडनेस ग्रेशस मी’ पास.

आणि हे दोन प्रश्न फक्त ब्रिटिशांना विचारून चालणार नाही. आपल्या घरातल्या, गावातल्या, जातीतल्या विनोदांनाही ते लावून बघा. उत्तरं नेहमीच सुखाची येतील असं नाही.

इथेच थांबू. प्रश्न जरूर पाठवा, बोचरे असले तर आधी पाठवा.