टाइल्सच्या दरजा आणि खालच्या घरातली ओल

जन्मभर तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसानं बाथरूमच्या टाइल्सवर काय बोलायचं, असं काहींच्या चेहऱ्यावर दिसतंय. पण आजचा विषय आम्ही निवडलेला नाही. तो खालच्या मजल्यावरून जिना चढून आमच्याकडे आला.

झालं असं. पुण्यातल्या आमच्या जुन्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघांनी बाथरूमच्या भिंतींना नव्या टाइल्स लावून घेतल्या. जमिनीची फरशी आणि तिच्याखालचं वॉटरप्रूफिंग आधीच नव्यानं झालेलं होतं, त्याला हात लावला नाही. दिवाळी तोंडावर आलेली, मिस्त्री घाईत. शेवटच्या संध्याकाळी त्यानं दरजा भरल्या, ओल्या फडक्यानं भिंत पुसली आणि पैसे घेऊन गेला. सकाळी बघतो तर टाइल्सवर पांढुरकं सावट. दरजा कुठे खोल, कुठे उंच, आणि मध्ये मध्ये टाचणीच्या टोकाएवढी भोकं. नखानं खरवडलं की पीठ पडायचं. पुढे दोन-तीन महिन्यांत खालच्या घराच्या छताला पोपडे आले. शेजारी वर आले, सौम्यपणे बोलले. दुसऱ्या वेळी सौम्यपणे बोलले नाहीत. त्यानंतर लिफ्टमध्ये आम्ही दिसलो की ते मोबाइलमध्ये बघायला लागले. वीस वर्षांचा शेजार, गणपतीतली ताटं एकमेकांकडे जाणारी. म्हणून हे मनाला लागलं.

आम्ही पहिली गोष्ट केली ती चुकीची. मिस्त्रीला परत बोलावलं, त्यानं दरजांवरून व्हाइट सिमेंटचा हात फिरवला. महिन्याभरात पापुद्रे निघाले. मग पुन्हा एकदा हात फिरवला, पुन्हा पापुद्रे. तिसऱ्यांदा बोलावण्याआधी आम्ही स्वतःला विचारलं, हे टिकत का नाही?

याचं उत्तर सिमेंटच्या स्वभावात आहे. सिमेंट वाळून घट्ट होतं असं आपण समजतो. तसं नाही. ते पाण्याशी संयोग पावून घट्ट होतं, आणि त्या संयोगाला लागणारं पाणी मर्यादित असतं. जास्तीचं पाणी उडून जातं आणि जाताना आपली जागा रिकामी सोडतं, त्यामुळे आत पोकळ्या राहतात, मिश्रण आकसतं, भोकं आणि बारीक चिरा पडतात. मग मिस्त्री पाणी जास्त का घालतात? कारण पातळ मिश्रण फटीत चटकन सरकतं आणि दोन तासांचं काम अर्ध्या तासात उरकतं. वर निथळतं फडकं फिरवलं की दरजेतलं सिमेंट धुऊन निघतं आणि तेच टाइलवर पसरून वाळतं. म्हणजे खोल गेलेली दरज आणि टाइलवरचं सावट हे दोन वेगळे दोष नव्हेतच, दरजेत हवं होतं ते सिमेंट टाइलवर जाऊन बसलेलं असतं.

आता वरून फिरवलेला हात. खाली भुसभुशीत पीठ, त्यावर कागदाएवढा नवा थर. तो पिठाला चिकटतो, टाइलच्या कडांना नाही. शिवाय खालची कोरडी दरज त्या थरातलं पाणी शोषून घेते, म्हणजे नव्या सिमेंटला घट्ट व्हायला पाणीच उरत नाही. पापुद्रा निघणारच.

हे कळलं तेव्हा लगेच खरवडायला बसणार होतो. पण सौ. म्हणाली, ‘ओल दरजांमुळेच आहे हे कशावरून?’ चाळीस वर्षं वर्गात सांगितलेली गोष्ट घरात दुसऱ्यानं आठवण करून द्यावी, याची थोडी लाज वाटली खरी. ओल दिसते म्हणून पाणी झिरपतंय, इतकं अनुमान निर्दोष. पण ते दरजांतूनच झिरपतंय, हा गृहीत धरलेला भाग झाला. नैयायिक इथे अन्वय आणि व्यतिरेक बघायला सांगतात. कारण असताना कार्य दिसतं का, आणि कारण काढून घेतल्यावर कार्यही जातं का.

मग शेजाऱ्यांकडे जाऊन परवानगी घेतली, त्यांच्या छतावरच्या डागाभोवती पेन्सिलनं रेघ काढली आणि तारीख घातली. पहिला आठवडा आम्ही बाथरूम पूर्ण बंद ठेवलं, पाइपलाइन मात्र चालू. डाग सुकत आत सरकला. ज्या पाइपांत पाणी कायम दाबाखाली असतं ते फुटले असते तर तो सुकला नसता, म्हणून ते सुटले. मग काही दिवस बादलीनं पाणी थेट नहाणी ट्रॅपमध्ये ओतलं. डाग तसाच. सांडपाण्याची लाइन सुटली. मग ट्रॅपला बोळा लावून फरशीवर दोन बोटं पाणी चोवीस तास साठवलं आणि काढून टाकून चार दिवस वाट बघितली. काही नाही, म्हणजे फरशीही शाबूत. शेवटी शॉवर न उघडता, बादलीतलं पाणी तांब्यानं शॉवरखालच्या भिंतीवर रोज मारलं. शॉवर उघडला असता तर भिंतीतल्या त्याच्या पाइपावरचा संशय उरला असता. चौथ्या दिवशी शेजाऱ्यांनीच वर येऊन सांगितलं, ‘रेघ ओलांडली.’ पाणी भिंतीच्या दरजांतून विटांत जाऊन, फरशीच्या वॉटरप्रूफिंगला वळसा घालून खाली उतरत होतं. आणि हो, त्या दिवशी ते चहाला थांबले.

आता दुरुस्ती. नुसतं सावट असेल तर खरवडायची गरज नाही. आधी कोरडं जाडं कापड, मग ओला नायलॉनचा घासण्या, बहुतेक काम त्यातच होतं. उरलंच तर सौम्य सल्फामिक आम्लाचा क्लीनर, दरजा आधी पाण्यानं भिजवून, आणि नंतर भरपूर धुऊन. बाजारात सर्रास मिळणारं तीव्र ‘ॲसिड’ मात्र नको. ते टाइलवरचं सिमेंट खातं तसं दरजेतलंही खातं. आणि कोणतंही आम्ल ब्लीचिंगमध्ये मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

आमच्यासारखी पीठ पडणारी दरज मात्र उकरून काढावीच लागते. निदान दोन तृतीयांश खोलीपर्यंत, टाइलच्या दोन्ही कडा उघड्या दिसेपर्यंत. हातानं चालवायची ग्राउट करवत मिळते, वेळ फार लागतो, पण मशीनखाली टाइलच्या कडा उडतात. तोंडावर मास्क हवाच, ही धूळ फुप्फुसांना वाईट. एक भिंत उकरायला आम्हाला तीन दिवस लागले. (मनगट अजून आठवण देतं.) मग ब्रशनं धूळ काढायची आणि दरज किंचित ओलसर करायची, पाणी साचू द्यायचं नाही.

आम्ही व्हाइट सिमेंटऐवजी पॉलिमर घातलेलं तयार ग्राउट घेतलं. पाणी पाकिटावर लिहिलंय तेवढंच, मोजून. मिश्रण टूथपेस्टसारखं व्हायला हवं. कालवून पाच-दहा मिनिटं तसंच ठेवायचं आणि परत ढवळायचं. त्यानंतर सैल वाटलं नाही तरी पाणी वाढवायचं नाही, सगळी मेख इथेच आहे. रबरी पट्टीनं तिरकं दाबून भरायचं, दरजेच्या सरळ रेषेत ओढलं तर भरलेलं बाहेर येतं. वीसेक मिनिटांनी बोट लावून बघायचं. बोटाला चिकटत नसेल तर घट्ट पिळलेला स्पंज, तोही तिरका, आणि दर हाताला पाणी स्वच्छ. नंतर निदान एक दिवस पाण्याचा थेंब नको.

इपॉक्सी ग्राउटबद्दल विचाराल. ते पाणी जवळजवळ शोषत नाही, पण महाग, आणि त्याचं सावट वेळेत पुसलं नाही तर निघता निघत नाही. सरावलेला हात नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नये, असं आमचं मत.

भिंत आणि फरशी मिळते तो कोपरा, आणि दोन भिंतींचा उभा कोपरा, इथे मात्र ग्राउट नकोच. दोन पृष्ठभाग वेगवेगळे हलतात, ताठ सिमेंट तिथे तडकतं. तिथे बुरशीरोधक सिलिकॉन, पूर्ण कोरड्या फटीत. आणि चांगलं सिमेंट ग्राउटसुद्धा वॉटरप्रूफिंग नव्हे, ते थोडं पाणी पितंच. भिंतीच्या आतला थर नीट नसेल तर दरजा फक्त वेळ मिळवून देतात. आमच्या भिंतीत तो थर नव्हताच. पुढच्या वेळी टाइल्स निघतील तेव्हा तो आधी.

मार्चमध्ये काम झालं, मेमध्ये डाग पूर्ण सुकला. शेजारी म्हणाले, रंग काढू या. आम्हीच थांबवलं. सुकला तो दरजांमुळे की उन्हाळ्यामुळे? ओल्या सरपणावाचून अग्नीला धूर येत नाही, तसा इथे उन्हाळा ही उपाधी होती. भर पावसाळ्यात, रोज अंघोळ चालू असताना, पेन्सिलची रेघ तशीच राहिली. दसऱ्याच्या आधी छताला रंग लागला. खर्च आम्ही दिला, रंग त्यांनी निवडला, फिका पिवळा.

आता कुणाचे प्रश्न असतील तर घेऊ या.