लाल रक्त लपवावे लागते तेव्हा

वारूळवाडीच्या आमच्या वस्तीत कॉलेजला जाणाऱ्या मुली सध्या एक जाडजूड इंग्रजी कादंबरी आळीपाळीने वाचत आहेत. व्हिक्टोरिया एव्हयार्ड या अमेरिकन लेखिकेची 'रेड क्वीन', २०१५ साली निघालेली. टोमॅटोच्या तोडणीवरून दमून आलेल्या आयांना त्या ती रात्री मराठीत सांगतात. आम्ही आधी ऐकली, मग वाचली.

एका कल्पित राज्यात माणसांचे दोन वर्ग आहेत. चंदेरी रक्ताचे राज्य करतात. आग, पाणी, लोखंड यांवर हुकमत चालवण्याची शक्ती त्यांच्या अंगी असते. तांबड्या रक्ताचे राबतात. अठराव्या वर्षी हाताला काम नसेल तर थेट लढाईवर रवानगी. सतरा वर्षांची मेअर खिसे कापते; तिचे तीन भाऊ लढाईवर गेलेले. धाकटी गिसा भरतकाम शिकते, साऱ्या घराची आशा तिच्या बोटांवर. ती चोरी करताना सापडते आणि शिपाई तिचा हातच ठेचतो. हे ऐकून बाया गप्प झाल्या. ज्यांचे पोट हातावर, त्यांना याचा अर्थ सांगावा लागत नाही.

पुढे राजवाड्यात चाकरी करताना मेअरच्या अंगातून वीज निघते. तांबड्या रक्तात शक्ती! सगळ्या सरदारांदेखत घडल्यामुळे तिला गुपचूप मारताही येत नाही. मग राजा-राणी तिला नवे नाव देतात, चंदेरी सेनापतीची हरवलेली मुलगी म्हणून मिरवतात आणि गालावरची लाली दिसू नये म्हणून तिच्या तोंडाला रंग फासतात.

विजेपेक्षा हा रंग आम्हाला अधिक बोचला. बाबूराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह १९६३ चा. त्यातला रेल्वेत नोकरीला लागलेला तरुण जात लपवतो आणि ती उघड होताच मार खातो. आज पुण्यात भाड्याची खोली शोधणारी आपली मुलगी आडनाव सांगताना अडखळते. खरे बोलायचे तर, "नुसतं नाव सांग" हे कित्येकदा आपणच तिला शिकवलेले असते.

एक मात्र खटकते. इथे शक्ती रक्तातूनच येते. बाबासाहेबांनी १९३६ सालीच 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये रक्तशुद्धीचा दावा खोडून काढला होता. वस्तीतल्या एका मुलीनेही नेमके हेच विचारले : मेअरच्या अंगात वीज नसती, तर गिसाच्या हाताची दाद कोणी घेतली असती?

मालिकेच्या आणखी तीन कादंबऱ्या आहेत. मुलींनी दुसरी मिळवली आहे.