जपानची ग्रुप टूर: कंपनी काय सांभाळते, आपण काय सांभाळायचं

महाराष्ट्रातून जपानला जाणाऱ्या ग्रुप टूरमध्ये साठी-सत्तरीतली माणसं बरीच असतात. अनेकांचा तो आयुष्यातला सर्वांत लांबचा प्रवास असतो, त्यासाठी वर्षानुवर्षं पैसे बाजूला काढलेले असतात. पैसे भरले की "आता सगळं कंपनी बघेल" म्हणून माणूस निश्चिंत होतो. व्हिसा, विमान, हॉटेल, बस, रात्रीचं भारतीय जेवण हे कंपनी बघतेच. पण तुमची औषधं, तुमचे गुडघे, तुमचं पोट आणि तुमची बॅग ही तुमचीच जबाबदारी राहते. जपानमध्ये तर ती जास्तच नीट पार पाडावी लागते, कारण तिथले बरेच नियम आपल्या अंदाजाबाहेरचे आहेत.

सर्वांत महागात पडणारा समज औषधांबद्दलचा आहे. "डॉक्टरांची चिठ्ठी जवळ असली की कुठलंही औषध नेता येतं" असं आपण धरून चालतो. जपानचे कायदे तसं मानत नाहीत. अ‍ॅम्फेटामिन असलेलं औषध चिठ्ठी असली तरी नेता येत नाही. बंद नाकासाठी घ्यायच्या काही गोळ्यांमध्ये स्यूडोइफेड्रिन असतं. त्याचं प्रमाण 10 टक्क्यांहून जास्त असेल तर त्या गोळीलाही बंदी आहे. मॉर्फिन, ऑक्सिकोडोन यांसारखी तीव्र वेदनाशामकं न्यायची असतील तर निघण्यापूर्वीच जपान सरकारची परवानगी काढावी लागते. 2015 मध्ये टोयोटा कंपनीतल्या एका अतिशय वरिष्ठ अमेरिकन अधिकारी बाईंच्या नावाने पार्सलमधून ऑक्सिकोडोनच्या गोळ्या आल्या. त्यांना अटक झाली आणि काही आठवडे कोठडीत काढावे लागले. पुढे खटला भरला गेला नाही, पण पद गेलं. एवढ्या मोठ्या कंपनीचं नाव पाठीशी असतानाही कायद्याने सवलत दिली नाही.

यात घाबरण्यासारखं काही नाही. रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड यांची नेहमीची औषधं एक महिन्यापुरती वेगळ्या परवानगीशिवाय नेता येतात, आणि मधुमेहींना लागणारी इन्सुलिनची पेनंही त्यात बसतात. त्याहून जास्त साठा हवा असेल तर "युन्यु काकुनिन्शो" नावाचं प्रमाणपत्र आधी मिळवावं लागतं. झोपेच्या आणि चिंतेवरच्या काही गोळ्यांना प्रमाणाची वेगळी मर्यादा आहे. त्या घेणाऱ्यांनी टूर मॅनेजरच्या "काही होत नाही"वर विसंबू नये. जपानच्या वकिलातीकडे किंवा तिथल्या आरोग्य मंत्रालयाच्या यादीत स्वतः खात्री करावी. आणखी एक सवय सोडायला हवी. सगळ्या गोळ्या पाकिटातून काढून एका डबीत भरू नका. त्या मूळ पाकिटातच राहू द्या आणि सोबत औषधांची मूळ नावं लिहिलेली डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी ठेवा.

वेळेचंही आधी बघून घ्या. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. हॉटेलात सकाळी सातला नाश्ता सुरू होतो तेव्हा आपल्या शरीराच्या घड्याळात पहाटेचे साडेतीन वाजलेले असतात. पहिल्या एक-दोन दिवसांत भूक लागत नाही, तरीही नऊला बस निघते. इन्सुलिन घेणाऱ्यांनी हे गणित आपल्या डॉक्टरांकडून निघण्यापूर्वीच समजून घ्यावं.

"टूरमध्ये विमा आहेच" हेही अर्धंच खरं आहे. ट्रॅव्हल इन्शुरन्स असतो, पण आधीपासून असलेल्या आजारांवरचा खर्च अनेक पॉलिसींमध्ये वगळलेला असतो किंवा जीवघेण्या प्रसंगापुरताच दिला जातो. जपानमध्ये 119 वर फोन केला की सरकारी रुग्णवाहिका पैसे न घेता येते. बिल येतं ते रुग्णालयाचं. विम्याचा फॉर्म एजंटने भरला तरी त्यातला आजारांचा रकाना स्वतः वाचा आणि खरं तेच लिहा.

आता शाकाहाराचं. "भाजीचं आहे म्हणजे शाकाहारी" हे समीकरण जपानमध्ये चालत नाही. तिथल्या स्वयंपाकाचा पाया म्हणजे दाशी नावाचं पाणी, आणि ते बहुधा बोनिटो माशाच्या वाळवलेल्या किसापासून बनतं. मिसो सूपमध्ये, उदोन नूडल्सच्या रश्शात, भाज्या शिजवतानाही ते वापरलेलं असतं. ताटात मासा दिसत नाही, म्हणून वाढणाऱ्यालाही ते सांगायचं सुचत नाही. कोम्बू या समुद्रवनस्पतीची दाशी शाकाहारी असते आणि बौद्ध मठांतलं शोजिन र्योरी हे जेवण तर पूर्ण शाकाहारी असतं, पण ते मुद्दाम शोधावं लागतं. म्हणून दुपारच्या जेवणाचं काय, हे कंपनीला बुकिंगच्या वेळीच विचारा. "मला चालणार नाही: मांस, मासे, अंडी, माशाची दाशी" असं जपानीत लिहिलेलं कार्ड खिशात असलं की फार काम होतं.

घरून काय न्यायचं? थालीपीठ, चिवडा, मेतकूट असे शिजवलेले-भाजलेले कोरडे पदार्थ चालतात. ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता आणि मांसाचे पदार्थ मात्र विमानतळावरच्या तपासणीत अडतात. ते घरीच ठेवा. चहासाठी इथली इलेक्ट्रिक किटली नेणाऱ्यांसाठीही एक माहिती: जपानमध्ये वीज 100 व्होल्टची आहे, आपली 230 ची. आपली किटली तिथे एक पंचमांशाहूनही कमी ताकदीने तापते. मोबाइलचे चार्जर बहुतेक दोन्हीकडे चालतात, फक्त दोन चपट्या पिनांचा अ‍ॅडॉप्टर हवा. पॉवर बँक मोठ्या बॅगेत टाकायची नाही, जवळच ठेवायची.

"बस दारात सोडते, चालायला फारसं लागत नाही" या समजाची मला सर्वांत जास्त काळजी वाटते, कारण त्याचा त्रास पुढे रोज होतो. क्योटोच्या कियोमिझु मंदिरापाशी बस खालीच थांबते आणि वर चढणीच्या रस्त्याने जावं लागतं. फुशिमी इनारीच्या लाल तोरणांखालून जाणारी वाट पायऱ्यांची आहे. स्टेशनांवर लिफ्ट असतात, पण कधी कधी फलाटाच्या पार दुसऱ्या टोकाला. निघण्याच्या दोन महिने आधीपासून रोज चाला, त्यात जिने असू द्या, आणि जे बूट तिकडे घालणार तेच घालून चाला. बूट लवकर काढता-घालता येतील असे घ्या. निजो किल्ल्यातल्या महालात शिरताना ते बाहेर काढावे लागतात.

शिनकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, मधल्या स्टेशनांवर एक-दोन मिनिटंच थांबते. तेवढ्यात तीस माणसं बॅगांसकट चढायची असतात. तोकाइदो मार्गावर लांबी, रुंदी आणि उंची मिळून 160 सेंटिमीटरपेक्षा मोठी बॅग असेल तर त्यासाठी वेगळी जागा आरक्षित करावी लागते. म्हणून अनेक टूर मोठ्या बॅगा ताक्युबिन सेवेने थेट पुढच्या हॉटेलला पाठवतात. त्या बहुतेकदा दुसऱ्या दिवशी पोचतात, तेव्हा एका रात्रीचे कपडे आणि सगळी औषधं पाठीवरच्या पिशवीत हवीत.

"साकुरा टूर घेतली म्हणजे साकुरा दिसणारच" असं कुणी सांगत असेल तर मानू नका. टोकियोत साकुराची, म्हणजे चेरीची, पहिली फुलं 2021 साली 14 मार्चला जाहीर झाली, 2024 साली 29 मार्चला. पूर्ण बहर आठवडाभर टिकतो, आणि टूरच्या तारखा कित्येक महिने आधी ठरतात. फुजी पर्वतही उन्हाळ्यात बरेचदा ढगांत असतो; हिवाळ्यात दिसण्याची शक्यता जास्त.

टीपचा प्रश्न छोटा आहे. जपानी हॉटेलात वा उपाहारगृहात टीप देण्याची रीत नाही. कंपनी स्वतःच्या बस-चालकासाठी आणि मॅनेजरसाठी रक्कम घेते का, ते आधी विचारा. बँकेचं कार्ड परदेशी व्यवहारासाठी निघण्यापूर्वी सुरू करून घ्या. आपल्याकडे ते बहुधा बंद असतं.

शेवटचा समज, "टूर मॅनेजर सोबत आहे, पत्ता कशाला?" टोकियोच्या शिंजुकू स्टेशनला दोनशेहून अधिक दारं आहेत आणि तिथे गर्दीत गट सहज फुटतो. हॉटेलचं जपानीत छापलेलं कार्ड आणि मॅनेजरचा नंबर कागदावर लिहून प्रत्येकाच्या खिशात असू द्या, नवरा-बायकोच्या वेगवेगळ्या खिशांत. चुकलात तर भटकू नका, आहात तिथेच थांबून फोन करा. फोन लागत नसेल तर जवळची कोबान, म्हणजे पोलिसांची छोटी चौकी, शोधून तिथे ते कार्ड दाखवा. रस्ता सांगणं हे त्या चौक्यांचं रोजचंच काम आहे.