साभार परत येण्याआधी

'सबमिशन' हा शब्द आपल्या कॉलेजात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. ग्राफवर स्केल लिहिलेली नसेल, जर्नलला इंडेक्स नसेल, तर सर एक नजर टाकतात आणि फाईल तशीच परत सरकवतात. त्यावर वाद घालायला कुणी जात नाही. मग तोच मुलगा मासिकासाठी लेख देताना वहीचं फाडलेलं पान का देतो? वर पुन्हा, "थोडं बघून घे ना, तू एडिटर आहेस!" हे वाक्य मराठी विभागाच्या टेबलावर यंदा इतक्या वेळा ऐकलं, की म्हटलं एकदाचं उत्तर लिहूनच द्यावं.

मी स्वतः कॉन्व्हेंटची. शाळेत मराठीच्या वाट्याला आठवड्यातले मोजके तास. त्यामुळे 'शुद्धलेखन म्हणजे नुसता शिष्टपणा' म्हणणाऱ्यांच्या बाजूने खरं तर मी असायला हवी. पण 'शिक्षक दिन' आणि 'शिक्षक दीन' यांत फक्त एका वेलांटीचा फरक आहे, आणि दुसरा छापला तर स्टाफरूममध्ये काय होईल ते तुम्हीच ठरवा! मोबाईलवर टाईप करणाऱ्यांसाठी आणखी एक. साधा 'र' जोडला की रफार होतो आणि 'दऱ्या'चा 'दर्या' बनतो. म्हणजे सह्याद्रीच्या ट्रेकवर गेलेला आपला मित्र थेट समुद्रात! 'आचाऱ्याला विचारलं' म्हणजे मेसमधल्या स्वयंपाक्याला, आणि 'आचार्याला विचारलं' म्हणजे गुरुजींना. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनाचे नियम एकूण अठरा आहेत. त्यांतले चौदा १९६२ सालचे, चार १९७२ साली वाढवलेले. अठरा नियम म्हणजे आपल्या मॅथ्सच्या एका युनिटपेक्षा कमीच.

खुणेची किंमत काय असते हे इंजिनिअरला तरी सांगायला नको. २२ जुलै १९६२ रोजी अमेरिकेचं 'मरिनर १' हे यान शुक्राकडे निघालं आणि पाच मिनिटांच्या आत ते हवेतच नष्ट करावं लागलं. कारणं दोन होती. एक रेडिओ यंत्रणेतला बिघाड. दुसरं म्हणजे हाताने लिहिलेलं समीकरण उतरवून घेताना एका अक्षरावरची आडवी रेघ राहून गेली होती. ती रेघ म्हणजे 'सरासरी काढलेली किंमत घ्या' अशी सूचना होती. ती नसल्यामुळे किरकोळ चढउतारसुद्धा खरे धरले गेले आणि यानाला चुकीच्या आज्ञा गेल्या.

आता कुणी म्हणेल, मग संपादक कशाला आहे? मराठीत 'सत्यकथा' नावाचं मासिक होतं. ते १९८२ साली बंद झालं. त्याचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना सविस्तर सूचना करत, कथा पुन्हा लिहायला लावत. पण त्या सूचना कथेबद्दल असत. हे पात्र इथे असं का वागतं, शेवट पटतो का, अशा. संपादकाचा वेळ वेलांट्या दुरुस्त करण्यात गेला, तर हे प्रश्न विचारायला तो उरतच नाही. म्हणजे नुकसान संपादकाचं नाही, तुमचं.

त्याहून मोठं नुकसान वेगळंच आहे. आपल्या हॉस्टेलवर विदर्भातली मुलं आहेत, खानदेशातली आहेत, कोकणातली आहेत. त्यांनी आपल्या बोलीत लिहावं, अगदी जरूर लिहावं. पण एका ओळीत 'व्हतं', पुढच्या ओळीत 'होतं' आणि तिसरीत 'होत' असेल, तर यातलं मुद्दाम कुठलं आणि घाईतलं कुठलं हे संपादकाने कसं ओळखायचं? तो सरसकट 'होतं' करून टाकतो. तुमच्या आजीचं बोलणं पुस्तकी होऊन छापलं जातं आणि खाली नाव तुमचंच असतं. कच्चा मजकूर दिला की निर्णय दुसऱ्याच्या हातात जातो. पॉलिश करणं म्हणजे गुळगुळीत करणं नव्हे. 'हे मला असंच हवंय' हे प्रत्येक ओळीत दिसेल असं करणं.

लांबीचंही तसंच. पान भरलं की कात्री खालून चालते. बहुतेक लेखांत सुरुवातीला सुविचार आणि 'आजच्या धावपळीच्या युगात' असतं, आणि खरी गोष्ट, म्हणजे फीसाठी बाबांनी विकलेली बैलजोडी, शेवटच्या परिच्छेदात. कात्रीत काय जाणार? सुविचार तुम्हीच आधी कापलात तर बैलजोडी वाचेल.

मग करायचं काय? फार काही नाही. लेख लिहून झाला की दोन दिवस कपाटात ठेवा. मग रूममेटला मोठ्याने वाचून दाखवा. जिथे जीभ अडखळते तिथे वाक्य अडलेलं असतं. पहिला परिच्छेद झाकून बघा, त्याच्यावाचून चालत असेल तर काढा. नावं, साल, आकडे पुन्हा तपासा. शेवटी कागदाच्या एकाच बाजूला, समास सोडून, पानांना नंबर घालून स्वच्छ प्रत करा. बोलीतले शब्द मुद्दाम असतील तर वर एक ओळ लिहा. हेमिंग्वेने 'अ फेअरवेल टू आर्म्स'चं शेवटचं पान एकोणचाळीस वेळा लिहिल्याचं १९५८ सालच्या मुलाखतीत सांगितलं होतं. आम्ही एकोणचाळीस म्हणत नाही. दोनदा लिहा, पुरे.

आणि हो, डेडलाईनच्या रात्री अकरा वाजता दार वाजवून "बघून घे ना" म्हणू नका. बघण्याचा पहिला मान लेखकाचा असतो.