नौका साठवण

नौका साठवण म्हणजे वापरात नसलेली होडी, यांत्रिक नौका, शिडाची नौका किंवा शर्यतीची वल्ह्यांची नौका सुरक्षित ठेवण्याची व्यवस्था होय. या व्यवस्थेचे दोन मुख्य प्रकार आहेत. नौका धक्क्याला, तरंगत्या जेटीला किंवा नांगराला बांधून पाण्यातच ठेवणे याला ओली साठवण म्हणतात. नौका पाण्याबाहेर काढून काठावर, छपराखाली किंवा मांडणीवर (रॅकवर) ठेवणे याला कोरडी साठवण म्हणतात. कोणती पद्धत योग्य ठरेल हे नौकेचा आकार, तिचे साहित्य, वापराची वारंवारता, पाण्याचा प्रकार आणि स्थानिक हवामान यांवर अवलंबून असते. महाराष्ट्रात या निवडीवर सर्वांत मोठा प्रभाव मोसमी पावसाचा आहे. पुणे जिल्ह्यातील मुळशीसारख्या अतिवृष्टीच्या प्रदेशातील जलाशयांवर तो विशेष जाणवतो.

ओली साठवण

ओल्या साठवणीत नौका सतत तरंगत असते. मोठ्या नौकाविहार केंद्रांत जेटीलगत प्रत्येक नौकेसाठी ठरावीक जागा आखलेली असते. अशी सोय नसेल तेथे नौका नांगर किंवा तळाशी टाकलेले काँक्रीटचे वजन आणि तरंगता बोया यांना बांधतात. नौका लगेच वापरता येणे हा या पद्धतीचा मुख्य फायदा आहे. दररोज फेऱ्या करणाऱ्या प्रवासी नौका आणि सहज उचलता न येणाऱ्या जड नौका बहुधा अशाच ठेवल्या जातात.

सतत पाण्यात राहिल्याने नौकेच्या तळावर परिणाम होतो. समुद्राच्या पाण्यात शेवाळ, शिंपले आणि बार्नेकल तळाला चिकटतात. त्यामुळे पाण्याचा अवरोध वाढतो, वेग घटतो आणि इंधन अधिक लागते. लाकडी नौकांना समुद्रातील लाकूड पोखरणाऱ्या जीवांपासूनही धोका असतो. हे टाळण्यासाठी तळाला विशिष्ट रंग लावतात. अशा रंगांतील ट्रायब्युटिल टिन हे द्रव्य जलचरांना घातक ठरल्याने आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ मध्ये त्याविरुद्ध करार संमत केला व तो २००८ मध्ये अमलात आला. आजच्या रंगांत प्रामुख्याने तांब्याची संयुगे असतात.

गोड्या पाण्यात बार्नेकल व लाकूड पोखरणारे सागरी जीव नसतात, मात्र शेवाळ वाढते. फायबरग्लासच्या तळात पाणी हळूहळू झिरपून बाह्य थराखाली फोड येण्याचा दोषही गोड्या पाण्यात संभवतो. दीर्घकाळ तरंगत ठेवलेल्या नौकेचा तळ त्यामुळे ठरावीक काळाने बाहेर काढून तपासावा लागतो.

कोरडी साठवण

कोरड्या साठवणीचा सर्वांत साधा प्रकार म्हणजे नौका काठावर ओढून लाकडी ओंडक्यांवर ठेवणे. दुसऱ्या प्रकारात नौका चाकांच्या गाड्यावर ठेवून उतारावरून पाण्यात सोडतात व तशीच बाहेर घेतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत बहुमजली मांडणीची पद्धत रूढ झाली. तीत लोखंडी चौकटींच्या मजल्यांवर नौका एकावर एक ठेवल्या जातात आणि फोर्कलिफ्टने उचलून पाण्यात सोडल्या जातात. कमी जागेत अनेक नौका मावणे हे तिचे वैशिष्ट्य आहे. ही पद्धत प्रामुख्याने लहान व मध्यम आकाराच्या यांत्रिक नौकांना सोयीची असून उंच डोलकाठीच्या नौकांना गैरसोयीची आहे.

तळ कोरडा राहणे, बुडण्याचा धोका नसणे आणि तपासणी सोपी होणे हे कोरड्या साठवणीचे फायदे आहेत. मात्र प्रत्येक वेळी नौका उचलावी लागते आणि त्यासाठी माणसे किंवा यंत्र लागते. आधार चुकीच्या ठिकाणी दिल्यास नौकेचा सांगाडा वाकू शकतो. लाकडी नौका फार काळ उन्हात कोरडी राहिल्यास फळ्या आकसतात आणि सांधे उघडतात. अशी नौका पुन्हा पाण्यात सोडल्यावर फळ्या फुगेपर्यंत तिच्यात पाणी येत राहते.

महाराष्ट्रातील परंपरा

कोकण किनाऱ्यावर दोन्ही पद्धती ऋतुमानानुसार वापरल्या जातात. मासेमारीच्या हंगामात होड्या खाडीत किंवा बंदरात नांगरलेल्या असतात. पावसाळ्यापूर्वी त्या किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात, म्हणजे ताडपत्री किंवा माडाच्या झावळ्यांनी झाकल्या जातात. याच काळात डागडुजी, रंगकाम आणि जाळ्यांची दुरुस्ती होते. माशांच्या प्रजननकाळात यांत्रिक मासेमारीवर साधारणतः १ जून ते ३१ जुलै अशी बंदी असते. नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा करून नवा हंगाम सुरू करण्याची कोळी समाजाची परंपरा आहे.

मोठ्या जहाजांसाठी गोदी बांधली जात असे. विजयदुर्गाजवळ वाघोटण खाडीत गिर्ये येथे खडकात खोदलेल्या मराठा आरमाराच्या गोदीचे अवशेष आहेत. मुंबईत लवजी नसरवानजी वाडिया यांच्या काळात, १७५० च्या दशकात, कोरडी गोदी वापरात आली.

पुणे परिसरात मांडणीवरील साठवणीचे परिचित उदाहरण नौकानयन या खेळात आढळते. शर्यतीच्या नौका लांब, अरुंद व अत्यंत हलक्या असतात. एका खेळाडूच्या नौकेचे नियमानुसार किमान वजन १४ किलोग्रॅम, तर आठ वल्हेकऱ्यांच्या नौकेचे ९६ किलोग्रॅम असते. त्यांचे पातळ कवच लाटांच्या सततच्या आदळण्याने व काठावर घासल्याने खराब होते. म्हणून सरावानंतर त्या खांद्यावर उचलून बोटघरातील मांडणीवर ठेवतात. मुळा-मुठा नदीकाठी १८६८ मध्ये स्थापन झालेला रॉयल कॅनॉट बोट क्लब, पुण्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब आणि लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयातील सैन्यदलाचे नौकानयन केंद्र यांमुळे शहराला या खेळाची परंपरा लाभली आहे. खडकवासला जलाशयाच्या काठी राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या पीकॉक बे येथे छात्रांना शिडाच्या नौका चालवण्याचे शिक्षण दिले जाते.

मुळशी जलाशयातील परिस्थिती

मुळशी जलाशय मुळा नदीवरील धरणामुळे निर्माण झाला. टाटांच्या जलविद्युत प्रकल्पासाठी बांधलेल्या या धरणात मावळातील अनेक गावे व शेतजमीन बुडाली. त्याविरुद्ध १९२१ ते १९२४ या काळात पांडुरंग महादेव तथा सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्या नेतृत्वाखाली मुळशी सत्याग्रह झाला. जलाशयाचे पाणी बोगद्यातून सह्याद्रीच्या पश्चिमेस वळवून रायगड जिल्ह्यातील भिरा येथे वीजनिर्मिती केली जाते. भिरा वीजकेंद्र १९२७ मध्ये सुरू झाले. जलाशय मुळात वीजनिर्मितीसाठी असल्याने तेथे नौका ठेवण्याचा किंवा जेटी बांधण्याचा प्रश्न पाणी आणि काठाची जमीन यांच्या मालकीशी जोडलेला आहे.

येथील नौका साठवणीवर तीन बाबींचा परिणाम होतो.

पहिली बाब पाण्याच्या पातळीतील बदल ही आहे. पावसाळ्यात भरलेला जलाशय वीजनिर्मितीमुळे उन्हाळ्यापर्यंत उतरत जातो आणि काठ आत सरकतो. पूर्ण पातळीला सोयीची असलेली स्थिर जेटी उन्हाळ्यात चिखलात उभी राहते. काठाजवळ बांधलेली नौका पाणी ओसरल्यावर जमिनीला टेकून कलंडू शकते, तर आखूड दोर असलेली नौका पाणी वाढताना एका बाजूने खाली ओढली जाते. ओल्या साठवणीसाठी म्हणून तरंगती जेटी आणि पातळीनुसार कमीजास्त करता येणारे दोर आवश्यक ठरतात.

दुसरी बाब पाऊस ही आहे. घाटमाथ्यालगतच्या या भागात एका दिवसात १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणे असामान्य नाही. एक चौरस मीटर क्षेत्रावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. उघड्या नौकेचे क्षेत्रफळ १० चौरस मीटर धरल्यास १०० मिलिमीटर पावसात तिच्यात १,००० लिटर, म्हणजे एक टन पाणी साचते. हे पाणी एका बाजूला सरकून नौकेचा तोल घालवते आणि कड पाण्याखाली गेली की नौका बुडते. उपसा करणारा स्वयंचलित पंप बसवता येतो, पण त्याची बॅटरी उतरल्यास किंवा जाळीत पालापाचोळा अडकल्यास तो निरुपयोगी ठरतो. पावसाळ्यात काठावरील रस्ते दरडींमुळे बंद झाल्यास नौकेपर्यंत माणूस पोहोचणेही अवघड होते. लहान उघड्या नौकेसाठी या काळात कोरडी साठवण हाच अधिक सुरक्षित पर्याय ठरतो. नौका पूर्ण भरावाच्या पातळीपेक्षा वर, तळाची बुचे काढून व थोडी कलती ठेवल्यास पावसाचे पाणी निचरून जाते.

तिसरी बाब वारा ही आहे. नैर्ऋत्य मोसमी वारे जलाशयाच्या लांबीवरून वाहताना लाटा निर्माण करतात. त्यामुळे बांधलेल्या नौका जेटीवर आदळतात व दोर झिजतात. मांडणीवरील हलक्या नौकाही वाऱ्याने उडू नयेत म्हणून पट्ट्यांनी घट्ट बांधाव्या लागतात. मांडणीचा पाया मुरमाड, निचऱ्याच्या जमिनीवर असणे आवश्यक असते.

पर्यावरण व नियम

कोरड्या साठवणीत तळाला विषारी रंग लावण्याची गरज उरत नाही. गोड्या पाण्याच्या जलाशयात ही बाब महत्त्वाची आहे. उलट गाड्यावरून एका जलाशयातून दुसऱ्यात नेल्या जाणाऱ्या नौकांबरोबर जलपर्णीसारख्या आक्रमक वनस्पती पसरू शकतात. पुण्याच्या नद्यांत जलपर्णीचा प्रादुर्भाव मोठा असल्याने नौका हलवण्यापूर्वी तळ धुणे, आतील पाणी काढणे आणि ती वाळवणे हितकारक असते. भारतात अंतर्गत जलमार्गांवरील यांत्रिक नौकांची नोंदणी व तपासणी अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ नुसार होते. या कायद्याने १९१७ चा जुना कायदा रद्द केला.

निवडीचे निकष

दररोज वापरात असलेली, जड, वरून बंद डेकची आणि राखणदार असलेली नौका पाण्यात ठेवणे सोयीचे असते. अधूनमधून वापरली जाणारी, हलकी व उघडी नौका मांडणीवर किंवा काठावर ठेवणे हिताचे असते. खर्चाची तुलना करताना केवळ जागेचे भाडे पुरेसे ठरत नाही. ओल्या साठवणीत तळाची सफाई, दोर, पंप व देखरेख यांचा, तर कोरड्या साठवणीत उचलण्याच्या यंत्रणेचा व मनुष्यबळाचा खर्च धरावा लागतो. मुळशीसारख्या ठिकाणी दोन्हींचा मेळ घालता येतो. दिवाळीनंतरच्या कोरड्या हंगामात नौका तरंगत्या जेटीला बांधून, आणि मे महिन्याच्या अखेरीपासून पावसाळा संपेपर्यंत पाण्याबाहेर ठेवणे ही कोकणातील शाकारण्याच्या जुन्या पद्धतीशी जुळणारी व्यवस्था आहे.